जपानी की तलवारबाजी? सांगलीत राहून दोन वर्षं एकाच गोष्टीला देता येतील

कुपवाडची_मेक

नमस्कार. इंजिनिअरिंग, मेकॅनिकल, पहिलं वर्ष संपत आलंय. वय १८. घर कुपवाडला, कॉलेज सांगलीत. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मोकळी असते, शिवाय रविवार अख्खा. डोक्यात दोन गोष्टी आहेत, जपानी भाषा आणि तलवारबाजी, म्हणजे ऑलिंपिकमध्ये असते ती फेन्सिंग. दोन्हीत पाटी कोरी. घरून एकाच क्लासची फी मिळणार आहे, त्यामुळे "दोन्ही कर" हे उत्तर नको.

१८ व्या वर्षी तलवारबाजी सुरू करणं म्हणजे उशीर झाला का? साहित्यात आधी काय घ्यावं लागतं? जपानीत कामाला येईल अशा पातळीला पोचायला किती वेळ लागतो, आणि ते सांगलीत बसून जमतं का? जे आहे ते स्पष्ट सांगा.

पिस्त_चौदा_मीटर

आधी एक घोळ निस्तरू. आपल्या भागात "तलवारबाजी शिकवतो" म्हणणारे बरेच जण मर्दानी खेळ शिकवतात. दांडपट्टा, लाठी, ढाल-तलवार, शिवजयंतीच्या मिरवणुकीतली प्रात्यक्षिकं. खेळ आपल्या जागी झकास आहे, पण त्याचा फेन्सिंगशी संबंध नाही. पावलं वेगळी, पातं वेगळं, नियम वेगळे. फी भरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी कर. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तलवारबाजी असते, त्यामुळे कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये सराव चालतो आणि कोण शिकवतं हे तिथे विचारता येतं.

मग तो सराव बघायला जा, तासभर कोपऱ्यात बस. तुझ्या वयाचे, तुझ्या उंचीचे किमान तीन-चार खेळाडू आहेत का? सगळी पाचवी-सहावीची पोरं असतील तर तुला जोडीदार मिळणार नाही, आणि जोडीदाराशिवाय हा खेळ शिकता येत नाही. पॉइंट मोजणारं इलेक्ट्रिक यंत्र आणि रील (खेळाडूला त्या यंत्राशी जोडणाऱ्या वायरची गुंडाळी) आहेत का? नसतील तर सहा महिन्यांनंतर प्रगती अडते, कारण फॉईल आणि इपी या हत्यारांत (खाली सांगतो) टोक नीट दाबलं गेलं की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही. आणि मास्क बघ. जाळी आत चेपलेली, गंज धरलेली किंवा गळ्याचं कापड उसवलेलं असेल तर तो मास्क घालू नकोस, कुणी कितीही "चालतंय की" म्हणालं तरी. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं पातं मोडलं आणि ते मास्कमधून शिरून सोव्हिएत खेळाडू व्लादिमीर स्मिर्नोव्ह दगावला. आजचे मास्क, कपडे आणि पात्याच्या पोलादाचे कडक नियम त्यानंतर आले. जाळी तपासायला १२ किलोच्या जोराने दाबायचं टोकदार अवजार असतं, त्याला पंच म्हणतात. प्रशिक्षकाला तो माहीत आहे का, एवढं विचारलंस तरी माणूस किती मुरलेला आहे ते कळेल.

आता हत्यारं. तीन असतात आणि तिन्ही वेगळे खेळ आहेत असंच समज.

फॉईल: वजन ५०० ग्रॅमच्या आत, फक्त टोकाने टोचायचं, लक्ष्य म्हणजे धड. हात, पाय मोजत नाहीत. दोघांनी एकदम टोचलं तर ज्याचा हल्ला आधी सुरू झाला किंवा ज्याने वार अडवून उलटा केला त्याला गुण. याला प्रायॉरिटी म्हणतात. नवशिक्यांची सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच.

इपी: ७७० ग्रॅमपर्यंत, टोक, पण लक्ष्य डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळं शरीर. प्रायॉरिटी नाही. ज्याचं आधी लागेल त्याला गुण, आणि सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचं लागलं तर दोघांनाही.

सेबर: ५०० ग्रॅमच्या आत, टोक आणि धार दोन्ही चालतात, लक्ष्य कमरेच्या वरचा भाग, हात आणि डोकं धरून. प्रायॉरिटी आहे आणि वेग भयंकर. टोकियो ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत उतरलेली पहिली भारतीय भवानी देवी सेबरवालीच. तिथे पहिली लढत तिने १५-३ ने मारली आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानोन ब्रुनेकडून ७-१५ ने हरली.

१८ ला सुरुवात करणाऱ्याला माझं मत इपी. लामे जॅकेट, म्हणजे वीज वाहणारं वरचं जाकीट, लागत नाही, त्यामुळे खर्च कमी. प्रायॉरिटीचे वाद नाहीत, आणि लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या नुसत्या वेगापुढे अंतर राखून, थांबून, मनगटावर टोचून खेळायला वाव आहे. अर्थात हॉलमध्ये सगळे फॉईलवाले असतील तर फॉईलच घे. एकटीने इपी धरून भिंतीशी खेळत बसशील.

उशीर झालाय का? राष्ट्रीय पदकासाठी, हो, बऱ्यापैकी. जागतिक संघटनेचा ज्युनिअर गट २० वर्षांखालचा असतो आणि त्यातली मुलं नऊ-दहा वर्षांची असल्यापासून खेळतात. पण विद्यापीठाच्या संघासाठी उशीर झालेला नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांत २५ वयापर्यंत खेळता येतं. कॉलेजच्या जिमखान्यात आधी विचार की कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे की लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी. निवड चाचणी त्यावर ठरते.

साहित्य याच क्रमाने घे. पहिले दोन-तीन महिने फक्त पावलं शिकवतात, तेव्हा शूज आणि एक ग्लोव्ह एवढं पुरतं. शूज फेन्सिंगचेच हवेत असं नाही, बॅडमिंटनचे सपाट रबरी तळव्याचे चालतात. जाड टाचेचे रनिंग शूज नकोत. लंजमध्ये, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून वार करताना, टाच आपटून पुढे सरकताना जाड सोलवर घोटा मुरगळतो. त्यानंतर मास्क, मग आतलं अर्धं जाकीट (प्लास्ट्रॉन, ८०० न्यूटनचं), वरचं जाकीट, आणि मुलींना छातीचं कडक संरक्षक कवच सक्तीचं आहे. मास्क घालून मान जोरात वर-खाली हलव. हलला तर मोठा आहे. हत्यार शेवटी. क्लबचं वापरून हात ठरू दे, मग स्वतःचं. स्पर्धेला मात्र दोन चालू हत्यारं आणि दोन बॉडी कॉर्ड (हत्यार रीलला जोडणारी अंगावरची वायर) घेऊन उभं राहावं लागतं, एकावर भागत नाही. खर्चाचा अंदाज बांधताना लोक हेच विसरतात.

चुकतं काय तेही सांगतो. लंजमध्ये हात आधी आणि पाय नंतर. नव्वद टक्के नव्यांचा पाय आधी पडतो, आणि मग इपीत मनगटावर टोचून घेतात, फॉईल-सेबरमध्ये प्रायॉरिटी गमावतात. पुढच्या पायाचा गुडघा बोटांच्या रेषेत राहायला हवा. तो आत कलंडला की दोन-तीन महिन्यांत दुखायला लागतो. मागचा तळवा जमिनीला सपाट चिकटलेला हवा. घरी करायचंच असेल तर सहा-सात मीटरची सपाट पट्टी बघ: चार पावलं पुढे, चार मागे, एक लंज, परत उभी, असं तीन मिनिटं, मग एक मिनिट दम. असे पाच फेरे. काँक्रीटच्या गच्चीवर लंज मारू नकोस, नडगी धरते. आणि शेवटी उलट्या बाजूने दोन फेरे, नाहीतर वर्षभरात एक मांडी दुसरीपेक्षा जाड झालेली दिसेल.

निहोंगो_मिरज

वरच्या उत्तरात जोडीदाराचा मुद्दा आलाय, तोच उलटा करून बघ. जपानीला हॉल लागत नाही, जोडीदार सुरुवातीला लागत नाही. लागतो तो रोजचा एक तास, रविवार धरून. आठवड्यातून दोन दिवस अडीच-अडीच तास बसणाऱ्यांची लिपी आणि कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हं) टिकत नाही.

वेळेचा हिशोब. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्या, एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड. २०१० पूर्वीच्या जुन्या परीक्षेत चार पातळ्या होत्या आणि त्यांना १५०, ३००, ६०० आणि ९०० तास असा अंदाज दिलेला असे. आजची एन५ साधारण त्या १५० तासांच्या पातळीची, एन४ तीनशेच्या, एन२ सहाशेच्या. एन३ ही एन४ आणि एन२ मधली दरी भरायला नवी घातली. रोज एक तास धरलास तर पाच महिन्यांत एन५, दहा महिन्यांत एन४, आणि दोन वर्षांच्या शेवटी एन३ पक्की. हे तास कांजीशी आधीच ओळख नसलेल्यांना कमीच पडतात, म्हणून दोन वर्षांत एन२ धरून चालू नकोस. कामाला येईल अशी पातळी म्हणशील तर ती एन३ पासून सुरू होते. एन५ चं प्रमाणपत्र दाखवून नोकरी मिळत नाही. त्याने फक्त हे कळतं की तू सोडून दिलं नाहीस.

शिकण्याचा क्रम. पहिले तीन आठवडे हिरागाना आणि काताकाना, दोन्हींची मूळ अक्षरं ४६-४६. रोज पाच नवी, आणि आधीची सगळी न बघता लिहून काढायची. देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याचा मोह पहिल्याच दिवशी मोड. "ओबासान" म्हणजे मावशी किंवा काकू, आणि त्यातला मधला "बा" लांबवला की आजी. देवनागरीत दोन्ही "बा" च. "बिरु" इमारत, "बीरु" बिअर. आपण मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ इकार उच्चारात पाळतच नाही, शुद्धलेखनात पाळतो, त्यामुळे कान तयार नसतो. जपानीत दीर्घ स्वर म्हणजे बरोबर दुप्पट वेळ. टाळी वाजवून मोज: ओ-बा-सा-न चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न पाच.

जोडाक्षराचं मात्र मराठी माणसाला सोपं. "किते" आणि "कित्ते" यांतला फरक आपल्याला आपोआप ऐकू येतो. त्सु हा उच्चारही परका नाही, "चमचा" मधल्या च पासून जवळच आहे. "देसु" लिहिलेलं असलं तरी बोलताना शेवटचा उ जवळजवळ गळतो.

व्याकरणात मराठीचा फायदा इंग्रजी माध्यमवाल्यांना सांगून कळत नाही, पण तो मोठा आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे. "बसने जाते" ला "बासु दे इकिमासु". आणि "ते" रूप, जिथे बाकीचे अडतात, ते म्हणजे आपलं "ऊन". खाऊन, जाऊन, करून. त्यापुढे "करून बघते", "करून ठेवते", "करून टाकलं" ही तिन्ही जपानीत त्याच बांधणीने येतात: शिते मिरु, शिते ओकु, शिते शिमात्ता. इंग्रजीतून शिकवणारा वर्ग यावर दोन आठवडे घालवतो. तू मराठीतून विचार केलास तर दोन दिवस.

मराठी दगा देते त्या जागा मोजक्या आहेत, पण पक्क्या. पहिली, "नि" आणि "दे". "शाळेत आहे" आणि "शाळेत खेळते" दोन्हीकडे आपण "त" लावतो. जपानीत असण्याला "नि", काही करण्याला "दे". दुसरी, "वा" आणि "गा", म्हणजे वाक्याच्या विषयाला आणि कर्त्याला लागणारे प्रत्यय. याला मराठीचा आधार नाही, नियम पाठ करून भागत नाही, वाक्यं ऐकूनच बसतं. तिसरी, देणं. आपल्याकडे एकच "देणे", तिथे मी दिलं तर "आगेरु", मला दिलं तर "कुरेरु", आणि मला मिळालं तर "मोराउ". चौथी, मोजणी. लांबट वस्तू इप्पोन, निहोन, सानबोन, चपट्या इचिमाइ, निमाइ, माणसं हितोरी, फुतारी, साननिन. हे पाठच.

कांजी एन५ ला साधारण १००, एन४ ला एकूण ३००. रोज पाच नव्या घेणारे दोन महिन्यांत ३०० "संपवतात" आणि तिसऱ्या महिन्यात त्यांतल्या अर्ध्या विसरलेल्या असतात, कारण उजळणीचा ढीग नव्या शिकण्यापेक्षा मोठा होतो. रोज दोन. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने परत. कांजी सुटी पाठ करू नकोस, ती ज्या दोन शब्दांत येते ते शब्द पाठ कर. एकाच कांजीचे दोन-तीन उच्चार असतात आणि ते शब्दाशिवाय डोक्यात राहत नाहीत.

विश्रामबाग_सिव्हिल

मधला मार्ग: केंडो. जपानीही आणि तलवारही. 😄

पिस्त_चौदा_मीटर

केंडोत बांबूची शिनाई दोन्ही हातांनी धरतात, चिलखत घालतात, मारण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि वार करताना ओरडणं हा गुणाचाच भाग असतो. फेन्सिंगशी साम्य म्हणजे मास्क. शिवाय फेन्सिंगच्या सगळ्या आज्ञा फ्रेंच आहेत, आँ गार्ड, प्रे, आले, हाल्ट. त्यामुळे भाषेचा फायदा फ्रेंचला होईल. जपान मात्र फेन्सिंगमध्ये सध्या जबरदस्त आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णांसह पाच पदकं.

माहुलीकर

साताऱ्याहून लिहितोय, पण अडचण तुमची-आमची सारखीच: परीक्षेचं केंद्र पुणे. आमच्याकडून सकाळच्या एसटीने एका दिवसात जमतं, तुला सांगलीहून शनिवारीच निघावं लागेल. हा खर्च आणि वेळ धर.

जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. फॉर्म काही महिने आधी निघतात आणि बंदही होतात. क्लासवाले सांगतील यावर विसंबू नको, मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये स्वतः बघायला सुरुवात कर. इंजिनिअरिंगवाल्यांची खरी गोची डिसेंबरात आहे. सेमिस्टरचे पेपर त्याच सुमाराला असतात. पहिल्या प्रयत्नासाठी जुलै धर, डिसेंबरला सबमिशन आणि व्हायवा डोक्यावर असतात.

निहोंगो_मिरज यांनी न सांगितलेली गोष्ट म्हणजे पास होण्याचा नियम. एन५ ला १८० पैकी ८० लागतात, एन४ ला ९०. पण त्यात शब्द-व्याकरण-वाचनाला १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्याला ६० पैकी किमान १९ हवेतच. एकूण १२० पडले आणि ऐकण्यात १८, तर नापास. गावात बसून पुस्तकावर शिकणारे बरोबर इथेच पडतात. ध्वनिफीत एकदाच वाजते, परत नाही. रोजच्या एका तासातला किमान वीस मिनिटांचा भाग ऐकण्याला द्यायचाच, आणि तो पुस्तक मिटून. एखाद्या वाक्यावर अडलीस तर ते सोडून पुढच्याला लाग. अडकलं की मागोमाग दोन प्रश्न जातात.

दुसरं, या परीक्षेत बोलणं नाही, लिहिणंही नाही. सगळे पर्याय, पेन्सिलने गोल काळे करायचे. त्यामुळे एन३ पास आणि मुलाखतीत तोंड बंद, असे उमेदवार ढिगाने असतात. आठवड्यातून एकदा तरी कुणाशी पंधरा मिनिटं बोलायची सोय बघ, ऑनलाइन असली तरी.

क्लासबद्दल. एक तर शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात चौकशी कर, कोल्हापूर तुला पन्नास किलोमीटर. पण रोजचं जाणं-येणं नको, कॉलेज बुडेल. पहिले सहा महिने जपान फाउंडेशनच्या मिनातो या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमावरही निघतात. माझं मत, एन५ साठी क्लासला पैसे घालूच नये. क्लास एन४ नंतर लागतो, कारण तिथून आदरार्थी बोली, प्रयोजक रूपं आणि लांब वाक्यं सुरू होतात आणि चूक दाखवणारा माणूस लागतो.

आणि एक इशारा. "एन४ करा, जपानला पाठवतो" म्हणणारे एजंट फिरतात. ते बहुतेक स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर या व्हिसाबद्दल बोलत असतात. त्याला एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा लागते, शिवाय त्या कामाची कौशल्य चाचणी. पदवीधर इंजिनिअरचा व्हिसा वेगळा आहे आणि त्यात पदवी महत्त्वाची. पदवी अर्धी सोडून एन४ च्या जोरावर जायचं की नाही, हा प्रश्न कुणी घातलाच तर कोणत्या व्हिसावर ते कागदावर लिहून माग.

निहोंगो_मिरज

क्लासला पैसे नकोत, हे पटत नाही. पहिल्या महिन्यात उच्चार आणि अक्षरांचा स्ट्रोक क्रम चुकीचा बसला तर तो पुढे सुटत नाही. ज्याला पंधरा दिवसांतून एकदा कुणी तपासून देणारं आहे त्याने एकट्याने करावं, बाकीच्यांनी निदान पहिले दोन-तीन महिने वर्ग लावावा. पर्याय निवडायची परीक्षा अक्षर बघत नाही हे खरं, पण हाताने बरोबर क्रमाने लिहिलेली कांजीच डोळ्याला वाचताना ओळखू येते.

ऐकण्याच्या १९ गुणांबद्दल माहुलीकर बरोबर बोलतायत.

कुपवाडची_मेक

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन गोष्टी राहिल्या. मी डावखुरी आहे, त्याने दोन्हीकडे काय फरक पडतो? बाबांचा प्रश्न आहे की खेळाच्या प्रमाणपत्राचा नोकरीला उपयोग होतो का. आणि समजा जपानी घेतली, तर तलवारबाजी पंचविशीत सुरू करता येते का?

पिस्त_चौदा_मीटर

डावखुरी आहेस हे आधी सांगायला हवं होतंस, फेन्सिंगमध्ये ती जमेची बाजू आहे. तुझा सराव सगळा उजव्यांशीच होतो, त्यांचा मात्र डावऱ्यांशी क्वचित. उजवा विरुद्ध डावा असला की दोघांचेही हत्यारी हात एकाच बाजूला येतात आणि मनगटाची बाहेरची बाजू उघडी पडते. इपीत तर ते आयतं लक्ष्य. पण पहिल्या सहा महिन्यांत प्रशिक्षक तुला उजव्यांसाठीचेच धडे जसेच्या तसे देत असेल तर त्याला तसं सांग. चार नंबरचा आणि सहा नंबरचा बचाव (वार अडवण्याच्या ठरलेल्या पद्धती) तुझ्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या हाताच्या मानाने उलटा पडतो.

साहित्यात मात्र जपून. ग्लोव्ह डाव्या हाताचा. जाकिटाची चेन हत्यार नसलेल्या हाताच्या बाजूला असावी लागते, म्हणजे तुझी उजवीकडे. मागे चेन असलेलं जाकीट दोन्ही हातांना चालतं. पिस्तूल पद्धतीची मूठ डाव्या-उजव्या हाताची वेगळी येते. ऑनलाइन मागवताना "डावा" हा पर्याय निवडायचा राहिला तर पार्सल परत करण्यात महिना जातो. क्लबची हत्यारं जवळजवळ सगळी उजवी असणार, त्यामुळे तुला स्वतःचं हत्यार इतरांपेक्षा लवकर घ्यावं लागेल. मी वर क्लबचं वापर म्हणालो होतो, ते तुला लागू नाही.

बाबांना सांग: महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण नुसता सहभाग चालत नाही, ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेत ठरलेलं स्थान लागतं, आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नसेल तर पडताळणीत ते प्रमाणपत्र रद्दी. १८ ला सुरू करून तेवढ्यावर नोकरीचा हिशोब मांडू नये, हे मी खेळाच्या बाजूचा असूनही सांगतो. नोकरी हेच कारण असेल तर जपानी घे.

पंचविशीत सुरू करता येते, चाळिशीतही. जागतिक संघटनेचा व्हेटरन गटच ४० पासून सुरू होतो. जाईल ती फक्त विद्यापीठाची संधी.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. जून ते सप्टेंबर पाती गंजतात, आठवडाभर बंद पिशवीत ठेवली तरी. घरी आल्यावर पिशवी उघडी, पातं कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात. टोकाला तेल लागू देऊ नकोस, संपर्क जातो. लामे घेतलंसच तर कोमट पाण्यात साध्या साबणाने बुडवून काढ, पिळू नकोस, हँगरला लटकव. घामाचं मीठ राहिलं की ते हिरवट-काळं पडतं आणि तेवढ्या भागावर गुणच लागत नाही. नदीकाठच्या हॉलमध्ये साहित्य ठेवायला देत असतील तर पावसाळ्यात घरी आण, २०१९ चा पूर आठवतोय ना.

निहोंगो_मिरज

डावखुरेपणाचा जपानीत त्रास एवढाच की स्ट्रोकचा क्रम उजव्या हातासाठी बनलेला आहे, आडवी रेघ डावीकडून उजवीकडे. तुला ती ओढावी न लागता ढकलावी लागेल. क्रम बदलू नकोस, वही थोडी तिरकी ठेव. शाईच्या पेनाने नको, हात फिरून अक्षर पुसटेल, पेन्सिल बरी. उभ्या ओळींचं लेखन उजवीकडून डावीकडे जातं, तिथे उलट तुझं सोपं, हात लिहिलेल्यावर घासत नाही.

पंचविशीत भाषाही सुरू करता येतेच, पण कॅम्पस मुलाखती तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असतात. तोवर एन३ हवी असेल तर येत्या जूनपासून दोन वर्षं, रोज एक तास. मध्ये तीन महिन्यांचा खंड पडला तर कांजी साधारण परत पहिल्यापासून.

कुपवाडची_मेक

ठरवलं असं: उद्या क्रीडा कार्यालय, मग हॉल. तिथे माझ्या वयाच्या मुली नसतील तर जूनला जपानी. हॉलमध्ये फक्त सेबर असेल तर?

पिस्त_चौदा_मीटर

सेबरला टोकाचं बटण नाही, आतली वायर नाही, त्यामुळे हत्यार बिघडण्याची कटकट कमी. पण लामे जाकीट, वीज वाहणारा मास्क आणि ग्लोव्हवरचं लामेचं आवरण तिन्ही लागतात. सुरुवातीचा खर्च इपीपेक्षा जास्त. आणि तिथे पहिल्या दीड सेकंदात बरंच काही ठरतं, लहानपणापासून खेळणाऱ्यांशी गाठायला सगळ्यात अवघड हत्यार तेच. फक्त सेबर असेल आणि मुली वयाने लहान असतील, तर जूनची वाट बघू नकोस, हिरागाना आजच सुरू कर.

माहुलीकर

आणि पुण्याच्या फॉर्मला पासपोर्टवर आहे तसंच नाव भर. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव, आडनाव आधी-नंतर असले घोळ असतात. निकालावर एकदा चुकीचं नाव छापलं की व्हिसाच्या वेळी ते निस्तरत बसावं लागतं. पासपोर्ट नसेल तर परीक्षेआधी काढून ठेव.